जिनिव्हा दूर, तहसील जवळ



 

३० मार्च २००७ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात एक करार सह्यांसाठी खुला झाला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा हा आंतरराष्ट्रीय करार. पहिल्याच दिवशी ८२ सह्या झाल्या आणि त्यांत भारताची होती. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला भारताने कराराचे अनुसमर्थन केले, म्हणजे तो आपल्यावर बंधनकारक असल्याचे जगापुढे कबूल केले. ३ मे २००८ पासून करार अमलात आला. त्यावर दिल्लीत आणि पुण्या-मुंबईत परिसंवाद पुष्कळ झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी त्याचा विचार करायचा, तर परिसंवादाची भाषा बाजूला ठेवून एसटीच्या पायरीपासून सुरुवात करणे सोयीचे.

बाभुळगावच्या माणसाला मोठ्या कामासाठी यवतमाळ गाठावेच लागते. जिल्हाधिकारी कार्यालय तिथे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तिथे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या प्रवाशाला एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. आता गाडी स्टँडवर लागते. दारातली पहिली पायरी जवळपास गुडघ्याला येते. दार अरुंद, धरायला एक दांडा आणि मागून रेटारेटी. पोलिओने पाय लुळा पडलेला माणूस आधी कुबड्या आत सरकवतो, मग दांडा पकडून हातांच्या जोरावर अंग वर ओढतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तेही जमत नाही. त्याला दोघांनी उचलायचे, तिसऱ्याने खुर्ची घडी करून वर द्यायची. अपंगांसाठी राखीव आसन आत आहे, पण तिथवर पोचायचे कसे, याचे उत्तर सवलतीच्या आदेशात नसते.

कराराचा गाभा या पायरीशीच सापडतो. शरीराची किंवा मनाची दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडते, तेव्हा माणसाचा समाजातला सहभाग अडतो, असे करार म्हणतो. पायात दोष असेल, तसा तो पायरीतही आहे. पायाचे डॉक्टरांनी बघावे, पायरीचे सरकारने. तिकिटातली सवलत हा मेहेरबानीचा भाग झाला. चढता येईल अशी गाडी हा कलम ९ मधला हक्क आहे आणि तो पुरवणे सरकारचे कर्तव्य आहे.

ही दृष्टी कागदावर यायला पाच वर्षे लागली. डिसेंबर २००१ मध्ये मेक्सिकोच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी मसुद्यासाठी समिती नेमली आणि १३ डिसेंबर २००६ रोजी आमसभेने करार मंजूर केला. मसुदा ठरत असताना जगभरच्या अपंगांच्या संघटना त्या खोल्यांत बसून होत्या. आमच्याविषयीचे काही आमच्यावाचून ठरणार नाही, ही त्यांची मागणी होती. आपल्याकडे आजही अपंगांच्या शिबिराचे व्यासपीठ उभारतात, त्याला पायऱ्या असतात आणि सत्कारमूर्तींना खाली बसवून पाहुणे वर भाषण करतात.

विदर्भाला अपंगांची सेवा नवी नाही. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन वसवले. बाबांचा भर दानाऐवजी कामावर होता. बोटे झडलेल्या माणसांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. पण ज्या काळात आनंदवन उभे राहिले, त्याच काळात देशाचा कायदा कुष्ठरुग्णाला दूरच ठेवत होता. १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण होते, ते कायद्यातून २०१९ मध्ये वगळले गेले. सेवाभावी माणसांनी जे काम आपल्या बळावर केले, त्याच्या पाठीशी कायदा उभा राहायला सत्तर वर्षे लागली.

भारताचा पहिला व्यापक अपंग कायदा १९९५ चा. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. करारावर सही केल्यावर तो अपुरा ठरला आणि २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. आता प्रकार २१ आहेत. ॲसिडहल्ल्यातले पीडित, सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण, स्वमग्न, अध्ययन अक्षम असे अनेक त्यात आले. सिकलसेलचा समावेश विदर्भाच्या आदिवासी आणि दलित कुटुंबांना किती जवळचा आहे, हे वेगळे सांगायला नको. सरकारी नोकरीतले आरक्षण ३ वरून ४ टक्के झाले, उच्च शिक्षणात ते किमान ५ टक्के आहे. हा कायदा आपण त्या करारासाठीच केला, असे त्याच्या उद्देशिकेतच लिहिले आहे.

करारातले सर्वांत वादाचे कलम १२ वे. प्रत्येक अपंग व्यक्तीला, तिची बुद्धी, बोलणे, ऐकणे कसेही असो, कायद्यापुढे इतरांसारखीच व्यक्ती मानावे, असे ते सांगते. निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर मदत द्या, पण तिचा निर्णय तुम्ही घेऊ नका. मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा आणि स्वतःचे पैसे स्वतः हाताळण्याचा हक्कही याच कलमात आहे.

शेतीच्या मुलखात हे कलम सातबाऱ्यावर उतरते. बाप गेला, वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे गेला. तीन भाऊ, त्यातला एक जन्मापासून मुका-बहिरा, लग्न झालेले नाही. आपण त्याला सांभाळतोच, त्याला वावर कशाला, असे घरात ठरते. दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र तयार होते, मजकूर काय आहे हे त्याला कुणी कळू देत नाही, खुणांनी समजावणारा दुभाष्या कुणी आणत नाही, आणि अंगठा उमटतो. भाऊ वाईट असतात असे नाही. सांभाळतातही. पण त्या दिवसापासून तो माणूस आपल्याच बापाच्या वावरात आश्रित होतो. पुढे भावजयीशी बिनसले, की त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो.

या अंगठ्यामागे मोठा इतिहास आहे. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात जन्मांध, बधिर, मूक अशा व्यक्तींना वाटणीतून वगळून त्यांना फक्त पोसावे असे सांगितले होते, आणि इंग्रजांच्या न्यायालयांनीही ते पाळले. १९२८ च्या कायद्याने ही अपात्रता बरीचशी काढली, तरी जन्मतः मनोविकार किंवा मतिमांद्य असलेल्यांची ठेवली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने उरलेलीही संपवली. कोणताही रोग, दोष किंवा व्यंग वारशाच्या आड येणार नाही, असे ते कलम सांगते. आंतरराष्ट्रीय करार व्हायच्या पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट. २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ ने आणखी एक पाऊल टाकले. आधार देणाऱ्याचे आणि अपंग व्यक्तीचे हितसंबंध एखाद्या व्यवहारात एकमेकांच्या आड येत असतील, तर त्या व्यवहारापुरते आधार देणाऱ्याने बाजूला व्हायचे. भावाने भावाकडून हक्कसोडपत्र घेताना दुभाष्याचे कामही त्यानेच करणे या कलमात बसत नाही. दुय्यम निबंधकाने अंगठा घेण्याआधी एवढे विचारले, तरी करारातले बारावे कलम त्या टेबलावर पोचले म्हणायचे.

माणसाच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवण्याचा शेवट कुठे होतो, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाहिले. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असे कारण दिले गेले. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. तोवर ज्यांच्यावर झाल्या, त्यांना कुणी विचारले नव्हते. शरीराची अखंडता जपणारे कलम १७ आणि कुटुंब व प्रजननाचा हक्क देणारे कलम २३ वाचताना मराठी माणसाला शिरूर आठवावे. २००९ मध्ये चंदीगडच्या एका सरकारी आश्रयगृहातल्या मतिमंद तरुणीचा गर्भ तिच्या इच्छेविरुद्ध पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा न्यायालयाने याच कराराचा आधार घेतला होता.

न्यायालयांत या कराराला अलीकडे चांगली धार आली आहे. २०१२ मध्ये जिजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या गोव्याच्या परिषदेला निघाल्या असताना कोलकात्याला त्यांना विमानातून उतरवले गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई देववली. २०२१ च्या विकास कुमार खटल्यात लेखनिक मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राला बांधलेला नाही, असा निकाल आला. ज्याला जी सोय लागते ती वाजवी असेल तर द्यायची, आणि न देणे हा भेदभाव समजायचा. कराराच्या कलम २ मधली ही कल्पना आपल्या परीक्षा केंद्रांपर्यंत पोचली ती अशी.

महाराष्ट्रातला ओंकार गोंड खटला याहून रंजक. वाणीदोष असलेल्या या विद्यार्थ्याचे अपंगत्व ४० टक्क्यांहून थोडे अधिक भरले. वैद्यकीय प्रवेशात अपंगांचे आरक्षण हवे तर किमान ४० टक्के अपंगत्व लागते. आणि त्या वेळच्या नियमांप्रमाणे वाणीदोष ४० टक्क्यांवर गेला की विद्यार्थी एमबीबीएसलाच अपात्र. आरक्षणाच्या दारात पाय ठेवावा आणि तिथेच दार बंद व्हावे, असा हा नियम. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे पीठावर अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते, सोबत न्यायमूर्ती अरविंद कुमार आणि के. व्ही. विश्वनाथन. नव्या वैद्यकीय मंडळाने विद्यार्थी अभ्यासक्रम करू शकतो असे कळवल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवेशाचा आदेश निघाला, आणि १५ ऑक्टोबरला सविस्तर निकाल आला. टक्केवारीचा आकडा एकटा पुरेसा नाही, या माणसाला हा अभ्यास जमेल की नाही हे मंडळाने कारणे देऊन लिहिलेच पाहिजे, असे त्यात ठरले. अपंगत्वाची मोजणी करणाऱ्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने हा निकाल वाचायला हवा, कारण तिथे अजूनही आकडाच बोलतो.

इमारतींची कथा निराळी. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत खार इथे चाकाच्या खुर्चीवरच्या कार्यकर्त्या विराली मोदी यांच्या विवाहाची नोंदणी होती. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अधिकारी खाली आले नाहीत, म्हणून वधूला उचलून वर न्यावे लागले. त्यांनी ते जाहीरपणे लिहिल्यावर तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. कायद्याचे म्हणणे असे, की जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या निकषांचा नियम १५(१) बेकायदा ठरवला. कायदा सक्ती करतो आणि नियम नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही, आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असे केंद्राला सांगितले.

तालुक्यात निकषांचा हिशेब कसा लागतो, ते पाहण्यासारखे आहे. कचेरीच्या दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर चौथरा दीड फूट उंच झाला. उताराचे प्रमाण एकास बारा. म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांबीचा उतार हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा, वर खुर्ची वळवायला सपाट जागा हवी. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पायऱ्यांच्या कडेला पाच-सहा फुटांचा गुळगुळीत सिमेंटचा घसरता पट्टा दिसतो. त्यावरून खुर्ची वर ढकलायला दोन माणसे लागतात आणि उतरताना ती सुटते. पावसाळ्यात तर धडधाकट माणूसही त्यावर पाय ठेवायला बिचकतो. कंत्राटदाराचे बिल मात्र रॅम्पचेच निघालेले असते. हा पट्टा मोजायला इंजिनिअर लागत नाही, टेप लागते.

निवडणूक आयोगाने सुगम्यतेच्या बाबतीत बरे काम केले आहे. मतदानयंत्रावर उमेदवाराच्या बटणाशेजारी ब्रेल अंक असतात. अंध मतदाराला हवे तर सोबती नेता येतो, पण त्या सोबत्याला मत गुप्त ठेवण्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि एका दिवशी एकाहून अधिक मतदारांचा सोबती होता येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाचा पर्याय देशभर मिळाला. कराराचे कलम २९ गुप्त मतदानाची हमी मागते. केंद्रावर ब्रेल वाचता येणारा मतदार आला, तर त्याच्यासोबत कुणाला आत पाठवायचे हे त्याने ठरवायचे, मतदान प्रतिनिधींनी नाही.

आता जिनिव्हाकडे वळू. कराराचे पालन तपासणारी १८ तज्ज्ञांची समिती तिथे बसते. देश तिला अहवाल देतात. भारताच्या पहिल्या अहवालाची तपासणी २०१९ मध्ये झाली. करारासोबत एक जोडकरारही आहे. तो मान्य करणाऱ्या देशातला नागरिक, देशातले न्यायालयीन उपाय संपले की थेट या समितीकडे तक्रार करू शकतो. हंगेरीतल्या दोन दृष्टिबाधित नागरिकांनी तेच केले. बँक त्यांच्याकडून इतरांइतकेच शुल्क घेत होती, पण एटीएमवर ब्रेल किंवा आवाजाची सोय नव्हती. २०१३ मध्ये समितीने हंगेरीला दोषी धरून यंत्रे सुगम्य करायला सांगितले. भारताने हा जोडकरार स्वीकारलेला नाही. बाभुळगावच्या अंध खातेदाराला एटीएमविरुद्ध जिनिव्हाला लिहिता येणार नाही.

परदेशी दार ठोठावणे यवतमाळ जिल्ह्याला तसे नवे नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यातले शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात गेले, वीसहून अधिक दगावले. वाचलेल्यांपैकी काहींच्या डोळ्यांवर आणि मज्जासंस्थेवर परिणाम झाले. बाधितांच्या संघटनेने सहकारी संस्थांसह २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या सरकारी तक्रार-यंत्रणेकडे अर्ज केला आणि २०२१ मध्ये काही कुटुंबांनी बाझेलच्या न्यायालयात दावा लावला. कापसाच्या वावरातला माणूस स्वित्झर्लंडला जाऊन दाद मागू शकतो, कारण प्रतिवादी कीटकनाशक कंपनी तिथली होती. आपल्याच सरकारविरुद्ध अपंग नागरिकाला तशी वाट नाही, म्हणून या कराराची खरी लढाई देशातल्या देशात, आणि त्यातही बहुतेक वेळा तालुक्यातच लढावी लागते.

करारातला एक प्रश्न मात्र तालुक्याला एकट्याने सोडवता येण्यासारखा नाही. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस अपंग मुलांचे बालगृह चालवले. मुलांना स्वतःचे आडनाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मुलगी माला पापळकर लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. बालगृहाचा कायदा मुलाला अठराव्या वर्षी बाहेर पाठवतो. बहुविकलांग, मतिमंद मूल अठराव्या वाढदिवशी कुठे जाणार? अशा मुलांना कायमचे तिथेच राहू द्या, ही शंकरबाबांची कित्येक वर्षांची मागणी आहे. करार याच्या उलट दिशेने जातो. कलम १९ प्रमाणे अपंग माणसाने इतरांसारखे वस्तीत, आपल्या आवडीच्या घरात राहावे, लागेल ती मदत तिथे पोचावी, आणि संस्थेत राहणे हा त्याच्यावर लादलेला एकमेव पर्याय नसावा. तत्त्व म्हणून करार बरोबर आहे. पण वस्तीत मदतनीस नाही, भाड्याने घर देणारा मालक नाही, सरकारी योजना नाही, तेव्हा आयुष्यभराचे बालगृह मागणाऱ्याला चूक म्हणण्याचा अधिकार करारालाही नाही. सरकारने आधी मदतनीस आणि घर द्यावे, मग आश्रम रिकामे करण्याची गोष्ट काढावी.

पैशाचे थोडे. अपंगांना संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा मिळणारे १५०० रुपये २०२५ मध्ये २५०० झाले. त्याआधी जूनमध्ये शेतकरी-अपंगांचे नेते बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले होते, त्या मागण्यांत शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसोबत अपंगांचे मानधन वाढवणेही होते. ग्रामपंचायत आणि नगरपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. ते पुष्कळदा वर्षअखेर सरसकट काही रुपये वाटून संपवले जातात, तर कुठे अखर्चित पडून राहतात. त्यातून शाळेचा उतार, स्वच्छतागृहातला दांडा, ग्रामसभेसाठी खुणांचा दुभाष्या, एका मुलीच्या श्रवणयंत्राची दुरुस्ती अशी कामे निघू शकतात. कुठली काढायची, हे गावातल्या अपंगांना विचारून ठरवावे, हीच कराराचा मसुदा ठरताना बसलेल्या संघटनांची मूळ मागणी होती.

शेवटी, तक्रार कुठे करायची ते. २०१६ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी प्रत्येक सरकारी आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे आणि तक्रारींची नोंदवही ठेवायची आहे. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झाले नाही, तर जिल्हास्तरीय समिती आहे. त्यानंतर पुण्याचे राज्य अपंग आयुक्त आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केले तर पन्नास हजार ते पाच लाख. हा अधिकारी आपल्या तहसीलमध्ये कोण आहे, पंचायत समितीत कोण, ग्रामीण रुग्णालयात कोण, आणि त्यांच्या नोंदवहीत आजवर किती तक्रारी चढल्या, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने कळते.